समुद्राकाठची ग्रीक पंगत आणि आपले ताट

'मेडिटेरेनियन डाएट' हा शब्द आता आपल्या तपासणी-खोलीत नवा राहिलेला नाही. एके काळी हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदांत ऐकू येणारा हा शब्द आज डिचोलीच्या बाजारातून पिशवी घेऊन थेट दवाखान्यात आलेला रुग्णही सहज उच्चारतो. कुणी तो दूरचित्रवाणीवर ऐकलेला असतो, कुणाला मुंबईच्या नातलगाने सांगितलेला असतो, तर कुणाच्या मोबाईलवर तो आपसूक येऊन पोहोचलेला असतो. बहुतेकांच्या लेखी त्याचा अर्थ मात्र एकच असतो : ऑलिव्ह तेलाची बाटली. हा अर्थ अपुरा आहे आणि आपल्या भागातील रुग्णांना तो महागात पडतो. आपल्या स्मरणिकेच्या निमित्ताने व्यवसायबंधूंशी या विषयावर थोडे हितगुज करावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

अस्सल ग्रीक जेवण कसे असते हे पाहण्यासाठी आम्हा गोमंतकीयांना ग्रीसला जावे लागत नाही. बार्देशातील वागातोर या समुद्राकाठच्या गावी, ओझरण किनाऱ्यावरच्या कड्यावर, मारिकेटी ग्राना या ग्रीक बाईंनी 'थलासा' नावाचे उपाहारगृह थाटले होते. थलासा म्हणजे ग्रीक भाषेत समुद्र. पर्यटनाचा हंगाम असेपर्यंत ते गजबजलेले असे आणि पावसाळ्यात बंद असे. पुढे २०१८ च्या सुमारास ते शिवोलीला, शापोरा नदीच्या काठी गेले. मी सांगणार आहे ते ओझरणच्या दिवसांतील एका जेवणाविषयी.

आम्ही तीन डॉक्टर कुटुंबे सर्वणहून डिचोली, अस्नोडा, म्हापसा असा तासाभराचा रस्ता कापून सूर्यास्तापूर्वी तेथे पोहोचलो. बरोबर माझी सत्तरी ओलांडलेली आई होती. तिचे माहेर पेडण्यातले, मांद्रे गावचे. त्यामुळे समुद्राचे तिला अप्रूप नव्हते, पण त्या दिवशी सोमवार होता आणि सोमवारी ती शिवराक जेवते. परक्या देशाच्या खानावळीत तिच्या वाट्याला काय येणार, या विवंचनेत माझी पत्नी होती. ती विवंचना अनाठायी ठरली. काकडी-टोमॅटोवर चीज ठेवलेली कोशिंबीर आली, पालक भरलेली खुसखुशीत पोळी आली, वाटलेल्या काबुली चण्याचे हम्मस आले, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात आला. दही-काकडीचे 'झाझिकी' चाखून आई म्हणाली, "ही तर आपली तवशाची कोशिंबीर. लसूण तेवढी जास्त घातलीय." पानांतला भात पाहून तिला हळदीच्या पानांतल्या पातोळ्या आठवल्या. आमच्या भूलतज्ज्ञ मित्रांनी मागवलेले कोकराचे मांस मात्र तिने नजरेआडच ठेवायला लावले.

जेवण आटोपायला दोन तास लागले. ताटे एकदम भरून आली नाहीत. एकेक पदार्थ मधोमध ठेवला जाई आणि सर्वांनी त्यातून थोडे थोडे घ्यायचे. कडधान्य, भाजी, दही यांनीच पोट निम्मे भरले होते. मांस आले ते सर्वांत शेवटी आणि वाटून खाल्ल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला चार घास. उपाहारगृहातील जेवण हे सणाचे जेवण असते, रोजचे नव्हे, हे खरे. तरीही त्या मांडणीत ग्रीक घराची रीत डोकावत होती. वैद्यकशास्त्राने जे तपासले, ते याच घरगुती रीतीला.

आपल्या स्मरणासाठी थोडा इतिहास. १९५८ मध्ये अमेरिकन संशोधक अँसल कीज यांनी सात देशांतील ४० ते ५९ वयोगटाच्या सुमारे १२,७६३ पुरुषांचा अभ्यास सुरू केला. ग्रीसमधून त्यात क्रीट आणि कोर्फू ही दोन बेटे होती. क्रीटच्या शेतकऱ्यांच्या आहारात तेलाचे प्रमाण भरपूर असूनही त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू अतिशय कमी आढळले, आणि तेथूनच ऑलिव्ह तेलाची कीर्ती जगभर झाली. परंतु ही माणसे दिवसभर डोंगरउतारावर कष्ट करीत, मांस क्वचित खात आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास पाळीत, याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष झाले. हे उपवास वर्षाला सुमारे १८० ते २०० दिवस भरतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य. बहुतेक दिवशी मासेही वर्ज्य, पण म्हाकुल आणि शिंपल्या चालतात. अशा पदार्थांना ग्रीक भाषेत 'निस्तिसिमा' म्हणतात. आमच्याकडचा 'शिवराक' याहून फार वेगळा काय आहे? आईच्या सोमवारला त्या कड्यावर सहज जागा मिळाली, त्याचे कारण हेच.

पुढचे दोन अभ्यासही ध्यानात घेण्यासारखे आहेत. फ्रान्समधील लिओं येथे हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत भूमध्यसागरी धर्तीच्या आहाराने पुन्हा झटका येण्याचे प्रमाण ठळकपणे घटले. आणि तेथे लोण्याऐवजी दिलेला स्निग्ध पदार्थ मोहरीच्या जातीतील कॅनोला तेलापासून बनवलेला होता. स्पेनमधील 'प्रेडिमेड' चाचणीत ७,४४७ जणांचा समावेश होता. तिचा २०१३ चा शोधनिबंध गट पाडण्याच्या पद्धतीतील दोषांमुळे २०१८ मध्ये मागे घेऊन, आकडेमोड नव्याने करून पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. निष्कर्ष मात्र जवळजवळ तोच राहिला : मोठ्या हृदय-रक्तवाहिनीच्या आघातांत सुमारे ३० टक्के घट. त्यात तेलाच्या गटातील कुटुंबांना आठवड्याला सुमारे एक लिटर उत्तम ऑलिव्ह तेल फुकट पुरवले जात होते. दुसऱ्या गटाला तेलाऐवजी अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले होते, आणि त्यांनाही जवळपास तेवढाच लाभ झाला.

आता आपल्या दाराशी येऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहाचे देशातील प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत आपला क्रमांक पहिला. चार प्रौढ माणसांमागे एक मधुमेही, असा हा हिशेब आहे. हे आकडे वाचण्याआधीही आपल्यापैकी प्रत्येकाला ते दवाखान्याबाहेरच्या बाकावर दिसतच होते.

अशाच एका बाकावरील रुग्णाची हकिगत सांगतो. खाणीच्या दिवसांत तो खनिजाचा ट्रक चालवीत असे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून मिळेल ते काम करून तो घर चालवतो. अंगाने सडपातळ, वय पन्नासच्या आत, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ९.४. एके दिवशी तो मोठ्या विश्वासाने पिशवीतून ऑलिव्ह तेलाची बाटली काढून म्हणाला, "डॉक्टर, आता हेच खातो." सकाळचा भाजी-पाव, त्यासोबत मिरचीची भजी, दुपारी डोंगराएवढा भात हे सारे जसेच्या तसे होते, त्यावर आता हे तेल पडत होते. या तेलाचे पैसे कुठून काढता, असे विचारल्यावर तो गप्प राहिला. उत्तर त्याच्या पत्नीने दिले. आळसांदे आणि मूग आणणे तिने कमी केले होते आणि बांगडे आठवड्यातून एकदाच घेत होती. म्हणजे भूमध्यसागरी आहाराचा जो गाभा त्या घरात आधीपासून होता, तोच विकून त्यांनी त्याची खूण विकत आणली होती.

मी तिच्याकडूनच तिच्या सासूच्या वेळचा वर्षभराचा स्वयंपाक विचारून घेतला आणि कागदावर लिहिला. उकड्या तांदळाची पेज, नाचण्याची तिजण, मुगागाठी, आळसांद्यांचे तोणाक, कुळथाचे सार. पहिल्या पावसानंतर तायकिळ्याची भाजी, श्रावणात नाना भाज्यांचे खतखते. जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून ताजी मासळी कमी. श्रावणात ती ताटातूनच जाई. पावसाळ्यासाठी मे महिन्यात पुरुमेंत भरून ठेवायचे : सुकी मासळी, सोले, खारातले आंबे, खारातले फणसाचे गरे. ग्रीक माणूस आपली ऑलिव्हची फळे आणि चीज मिठाच्या पाण्यात टिकवतो, आम्ही आंबे टिकवतो. आगरवाड्याच्या मिठागरांचे मीठ या कामी कितीतरी घरांना पुरले आहे. हंगाम संपला की कड्यावरचे उपाहारगृह जसे मिटत असे, तशी आमच्या स्वयंपाकघरातील एकेक गोष्ट ऋतूप्रमाणे मिटत आणि उघडत असे. आज भजी, पाव, फरसाण आणि गोड पेये यांना मात्र ऋतू उरलेला नाही. ती बाराही महिने उघडी असतात.

येथे एक खबरदारी घ्यावयास हवी. 'आमची आजी नारळ खाऊन नव्वद वर्षे जगली' हा युक्तिवाद आपण डॉक्टरांनी तरी करू नये. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के मेद संपृक्त असतो आणि तो रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतो, हे पुराव्याने दिसले आहे. आजी पहाटे शेतात उतरत होती, हे त्या युक्तिवादात सांगायचे राहून जाते. तसेच खारातल्या आंब्याचे मीठ रक्तदाबाच्या रुग्णाला मोजूनच द्यावे लागेल आणि पेज झाली तरी भातच. परंपरा म्हणून सारे काही पवित्र मानावे, असे मला सुचवायचे नाही. नारळ वाटपापुरता, भात एका वाटीपुरता, कडधान्य रोज, पालेभाजी रोज, बांगडा किंवा तारले हुमणात, तळून नव्हे, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा, जेवण मात्र घरच्यांबरोबर बसून आणि सावकाश : एवढे त्या कागदावर होते. औषधे चालूच होती. सहा महिन्यांनी त्याची साखर ७.६ वर आली. यात औषधाचा वाटा किती आणि ताटाचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण आळसांदे घरी परत आले, एवढे त्याच्या पत्नीने आवर्जून सांगितले.

युनेस्कोने २०१० मध्ये भूमध्यसागरी आहाराला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या नोंदीत पाककृतींइतकेच महत्त्व पेरणी, मासेमारी, साठवण आणि एकत्र बसून जेवण्याला आहे. ग्रीकांनी आपल्या आजीचे ताट जगापुढे अभिमानाने मांडले आणि जगाने ते तपासून स्वीकारले. आपल्या ताटाची अशी पद्धतशीर तपासणी व्हायला हवी, आणि ती आपल्यासारख्या गावोगावच्या डॉक्टरांच्या नोंदींपासूनच सुरू होऊ शकते.

माझी विनंती साधी आहे. आपल्या संघटनेने पेडणे आणि डिचोली तालुक्यांसाठी महिनावार आहाराचे एक पान तयार करावे. त्यात मोसमी भाज्या, कडधान्ये आणि मासळी यांची रुग्णाला ओळखीची असलेली नावे असावीत, प्रमाण वाटी-चमच्याच्या मापात असावे आणि कोणतीही वस्तू म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात न मिळणारी नसावी. ग्रीक जेवणाचा आनंद हंगामात अवश्य घ्यावा, मीही घेतो. औषधाच्या चिठ्ठीखाली मात्र आळसांद्यांचे तोणाक लिहावे.