तांबडे डिझेल, निळे रॉकेल

‘रंगेहाथ पकडणे’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत आपण नेहमी वाचतो. पण तो काही वेळा अक्षरशः खरा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लाचखाऊ माणसासाठी सापळा रचला, की नोटांना आधी एक पांढरी भुकटी चोपडून ठेवतात. नोटा घेणाऱ्याचे हात मग सोड्याच्या पाण्यात बुडविले, की पाणी गुलाबी होते. ‘मी नोटांना शिवलोच नाही’ असे महाशयांनी कितीही शपथेवर सांगितले, तरी पाणी त्यांना दाद देत नाही! परदेशांत हीच युक्ती माणसाच्या हातांऐवजी मोटारीच्या टाकीवर योजतात. तेथे रस्त्यावर मोटार अडवून तपासनीस टाकीत नळी घालतो, थोडे डिझेल बाटलीत घेतो आणि उजेडात धरून पाहतो. ते तांबडे दिसले, की मोटारीचा मालक रंगेहाथ सापडला म्हणून समजावे.

आता डिझेल तांबडे कसे, आणि तांबडे असले तर त्यात गुन्हा कसला? माझा एक भाचा अमेरिकेत शेतीच्या मुलखात नोकरीला आहे. त्याने हाच प्रश्न मला फोनवर विचारला. त्याच्यापाशी डिझेलवर चालणारी एक दणकट मोटार आहे. गावातल्या पंपावर डिझेलच्या दोन नळ्या आहेत. एकीचा भाव पुष्कळ कमी. पण तिच्यावर पाटी आहे, की हे रंगीत डिझेल केवळ करमुक्त कामासाठी आहे, अन्य वापरास दंड होईल. “मामा, तेल तेच, इंजिन तेच. मग दोन भाव कशाला? आणि मी स्वस्तातले घेतले तर कुणाचे काय बिघडले?” असा त्याचा रोकडा सवाल. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे आज त्या मुलखांत आहेत; तेव्हा हा प्रश्न एकट्या माझ्या भाच्याचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

त्याच्या म्हणण्यातला पहिला भाग खरा आहे. तेल तेच असते. डिझेल मुळात फिकट पिवळसर. त्यात तांबडा रंग मिसळला, की झाले रंगीत डिझेल. रंगही फार लागत नाही. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे 1000 बॅरल डिझेलला, म्हणजे सुमारे 1 लाख 59 हजार लिटरला, जेमतेम पावणेदोन किलो रंगाची मात्रा पुरते. या रंगाने इंजिनाला काही अपाय होत नाही. पूर्वी शेतीच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण फार असे, त्यामुळे नव्या मोटारींना ते खरोखरच बाधले असते. पण गेल्या काही वर्षांत तेथे दोन्ही डिझेलांतले गंधक जवळजवळ सारखेच खाली आणले आहे. तेव्हा आज दोहोंत फरक उरला तो रंगाचा आणि कराचा.

खरी गोम आहे ती या करात. अमेरिकेत 1956 साली देशभर महामार्ग बांधावयाचे ठरले, तेव्हा त्यासाठी एक स्वतंत्र निधी उभारण्यात आला आणि त्यात पेट्रोल-डिझेलवरील कर जमा होऊ लागला. जो रस्ता वापरील त्याने रस्त्याचा खर्च सोसावा, असा हा साधा हिशेब. डिझेलवरील हा केंद्रीय कर गॅलनमागे 24.4 सेंट आहे आणि राज्यांचे कर त्याखेरीज. पण शेतकऱ्याचा ट्रॅक्टर शेतात फिरतो. कापणीचे यंत्र वावर सोडून बाहेर जात नाही. विजेचे जनित्र तर जागचे हलतच नाही. आणि थंडीच्या दिवसांत घराच्या तळघरातल्या भट्टीत जे तेल जळते, तेही डिझेलचेच भावंड. यांनी रस्त्याचा कर का भरावा? त्यांना तो माफ आहे. ही माफी खऱ्या हक्कदारालाच मिळावी, दुसऱ्याने ती लाटू नये, एवढ्यासाठी हा रंगाचा खटाटोप. भाच्याला मी इतकेच सांगितले, की ज्या रस्त्यावरून तू रोज कचेरीत जातोस, त्या रस्त्याचे पैसे त्या महाग नळीतून जातात.

ही कल्पना काही नवीन नाही. एकच वस्तू, पण दोन उपयोग. एकावर कर, दुसऱ्याला माफी, असे झाले की सरकारला खूण करावी लागते. ब्रिटनमध्ये 1855 साली कारखानदारांना करमुक्त मद्यार्क द्यावयाचे ठरले. पण तो पिण्याजोगा राहिला असता, तर कारखान्याऐवजी गुत्त्यात गेला असता. म्हणून त्यात पिण्यास अयोग्य अशी द्रव्ये मिसळण्यात आली. आपल्या आया-आज्या स्टोव्ह पेटविण्यासाठी बाटलीतून जे स्पिरिट ओतीत, ते याच कुळातले.

डिझेल रंगविण्याची पाळी अमेरिकेवर आली ती मात्र मोठ्या चोरांमुळे. 1980 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या परिसरात गुन्हेगारी टोळ्यांनी एक अजब व्यापार मांडला. घर तापविण्याचे तेल आणि मोटारीचे डिझेल एकच, हे त्यांनी बरोबर हेरले होते. भट्टीसाठी म्हणून करमुक्त तेल उचलावयाचे, ते कागदोपत्री एका कंपनीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे फिरवावयाचे, आणि शेवटी करासह भावाने पंपावर विकावयाचे. मधली जी कंपनी कराची धनी ठरे, तिचा पत्ता शोधीत अधिकारी जात, तो तेथे रिकामी खोली किंवा नुसती टपालपेटी! तेव्हा 1993 साली कायदा झाला आणि 1994 च्या आरंभापासून करमुक्त डिझेल डेपोतून बाहेर पडण्यापूर्वीच तांबडे होऊ लागले. कागद हवा तसा लिहिता येतो. तेलाचा रंग लपविता येत नाही. कराची वसुली लगोलग लक्षणीय वाढली.

दंडही काही किरकोळ नाही. रस्त्यावरच्या गाडीत रंगीत डिझेल सापडले, तर कमीत कमी 1000 डॉलर, किंवा गॅलनमागे 10 डॉलर, यांपैकी जी रक्कम मोठी होईल ती. आणि तोच मनुष्य पुन्हा सापडला, तर आकडा चढत जातो. शिवाय रंग काही काळ टाकीत आणि गाळणीत रेंगाळतो. जुनी डिझेल गाडी विकत घेणाऱ्याने एवढे तरी पाहून घ्यावे. नाही तर खाल्ले एकाने आणि ढेकर दिला दुसऱ्याने, अशी गत व्हायची.

पण हाच कायदा वेळप्रसंगी वाकतोही. 2017 च्या सप्टेंबरात फ्लॉरिडावर ‘इर्मा’ चक्रीवादळ कोसळले. पंप कोरडे पडले. तेव्हा सरकारने काही दिवसांपुरते जाहीर केले, की रंगीत डिझेल खुशाल रस्त्यावर वापरा, दंड होणार नाही, मात्र 24.4 सेंटांचा कर भरा. तांबड्या रंगात विष नाही, भानगड आहे ती कराची, हे यावरून चांगलेच स्पष्ट होते.

ब्रिटनमध्येही हेच डिझेल तांबडे असते आणि आयर्लंडच्या प्रजासत्ताकात हिरवे. या दोहोंच्या मधल्या सीमेवर जे घडले, ते मात्र सांगितलेच पाहिजे. ब्रिटनमध्ये 2022 च्या मार्चपर्यंत रस्त्यावरच्या डिझेलवर लिटरला 57.95 पेन्स कर होता, तर तांबड्यावर अवघा 11.14 पेन्स. एवढी तफावत दिसली, की माणसाची बुद्धी चळते. सीमेवरच्या आर्माघ, लाऊथ या भागांत गोठ्यांतून आणि गुदामांतून डिझेल ‘धुण्याचे’ कारखाने निघाले. आम्ल घालून किंवा रंग शोषणाऱ्या मातीतून गाळून तेलाचा रंग उतरवावयाचा आणि ते पंपावर चढ्या भावाने खपवावयाचे. हे धुतलेले डिझेल भोळ्या गिऱ्हाइकाच्या मोटारीचे इंजिन खाई, ते निराळेच. आणि त्या धुण्यातून जो आम्लयुक्त गाळ उरे, तो पिंपांत भरून रात्री रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी टाकून देत. सकाळी तो उचलावा लागे तेथल्या नगरपरिषदेला, म्हणजे पुन्हा करदात्याच्याच पैशाने. कराची चोरी ही सरकारची चोरी, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्याने हा गाळ कुणाच्या पाण्यात उतरला ते पाहावे. शेवटी 2015 च्या एप्रिलपासून दोन्ही सरकारांनी सहजासहजी न धुतली जाणारी नवी खूण तेलात मिसळली, तेव्हा कोठे हा धंदा बसला.

ब्रिटनने पुढे आणखी एक पाऊल टाकले. 1 एप्रिल 2022 पासून बांधकाम, खाणकाम अशा पुष्कळ धंद्यांची तांबड्या डिझेलची सवलत काढून घेतली. शेती, रेल्वे, घरे तापविणे अशा मोजक्या कामांनाच ती ठेवली. गंमत अशी, की फिरत्या जत्रा आणि सर्कशीही या भाग्यवंतांत आहेत!

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे तांबडे डिझेल नाही. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि वाण्याचा टेम्पो एकाच नळीचे डिझेल पितात. पण आपल्याकडे निळे रॉकेल होते. ‘रॉक ऑइल’चे आपण रॉकेल केले, ‘गॅसलाइट’चे घासलेट केले, आणि पिढ्यान्पिढ्या त्यावर चहा उकळला. शिधापत्रिकेवर मिळणारे सवलतीचे रॉकेल निळे रंगवीत, ते उघड्या बाजारातल्या पांढऱ्या रॉकेलहून ओळखू यावे म्हणून. हेतू तोच: गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त केलेले तेल दुसरीकडे जाऊ नये.

ते जात असे, हे आपल्याला ठाऊकच आहे. रेशनच्या दुकानात ‘रॉकेल संपले’ ही पाटी लागे, आणि तेच रॉकेल डिझेलच्या टँकरमध्ये मिसळले जाई. भावातली तफावत आयर्लंडलाही लाजवील अशी होती. 2011 च्या सुमारास रेशनचे रॉकेल डिझेलच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी भावाने मिळे. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ. वंगणाचा गुण त्यात कमी. भेसळीच्या डिझेलने मालमोटारींचे पंप झिजत, धूर वाढे. पण त्याहून मोठे पाप हे, की कंदिलाखाली अभ्यास करणाऱ्या पोराचा उजेड कुणीतरी विकून खाई.

सरकारने 2006 च्या ऑक्टोबरात रॉकेलमध्ये एक गुप्त खूण मिसळण्यास आरंभ केला. रंग धुता आला, तरी खूण चाचणीत सापडावी, ही योजना. पण ती खूणही काढता येते असे निघाले आणि 2008 च्या अखेरीस ती बंद पडली. खूण हरली, की सारा भार माणसांवर येतो. 19 नोव्हेंबर 2005 रोजी उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांचा खून झाला. भेसळीबद्दल पंपावर कारवाई केली, हा त्यांचा अपराध. आणि 25 जानेवारी 2011 रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, आपल्या नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भरदिवसा जिवंत जाळले. जाता जाता तेलाचा काळाबाजार दृष्टीस पडला आणि ते पुढे न जाता थांबले. डोळे मिटून पुढे जाणे त्यांना सहज शक्य होते.

आज हे चित्र पुष्कळ बदलले आहे. घरोघर गॅस पोहोचला. रेशनच्या रॉकेलचा भाव 2016 च्या जुलैपासून पावली-पावलीने वाढवीत नेला, आणि 2020 च्या मार्चपासून त्यावरची सवलत संपली. भावातली दरीच बुजली, तेव्हा तिच्यात हात घालणाऱ्यांचे मोलही उतरले. आपल्या कोकणातल्या मच्छीमारांसाठी तर निराळीच वाट काढलेली आहे. त्यांच्या नौकांना डिझेल रंगवून देत नाहीत. पूर्ण भावाने घेतलेल्या डिझेलवरचा राज्याचा विक्रीकर त्यांना मागाहून परत देण्याची पद्धत आहे. म्हणजे खूण तेलावर नाही, माणसाच्या नावावर. या वाटेलाही तिचे काटे आहेत. परतावा वेळेवर मिळत नाही म्हणून मच्छीमार कुरकुरतात, आणि ते रास्तही आहे. पण निदान रात्री कुणी तेल धुवीत बसत नाही.

सवलत ही विश्वासाने दिलेली वस्तू आहे. देणाऱ्याने ती देताना भावात एवढी दरी ठेवू नये, की भला माणूसही मोहात पडावा. आणि घेणाऱ्याने, किंवा ती ज्याची नाही त्याने, ‘एका टाकीने काय होणार’ असे म्हणू नये. एका टाकीचे गिऱ्हाईक नसते, तर त्या आयरिश गोठ्यांत कारखाने निघाले नसते आणि पानेवाडीचा तो ढाबा तेलचोरांचा अड्डा झाला नसता. मोठे चोर जगतात ते अशा छोट्या गिऱ्हाइकांवर. स्वस्त मिळाले म्हणून आनंद मानण्यापूर्वी ते कुणाच्या वाट्याचे आहे, एवढे विचारण्याची सवय आपल्या घरातल्या मुलांना लागली, तर तेलात रंग घालण्याची गरजही हळूहळू कमी होईल.