ओवी ठेवायची कशात?

चौसाळ्यात आवाज टिपायचा तर रात्री अकरानंतर. सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे गाव, दिवसा वाहनांची घरघर थांबत नाही. आणि जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या बायका गाठायच्या तर पावसाळ्यात. दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला जातात, त्या उन्हाच्या तोंडीच परततात. पावसाळ्याच्या तेवढ्या दिवसांत आतल्या खोलीच्या खिडकीला दोन गोधड्या टांगायच्या, माइक लावायचा आणि लॅपटॉप उघडायचा.

गाणारी मावशी दोन ओव्यांच्या मध्ये थांबते, श्वास घेते. ती शांतता मला ओवीइतकीच मोलाची. पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं तेव्हा नेमकी तिथंच बारीक ‘सूं’ ऐकू आली, मधूनच एक ‘टिक्’. पंखा तर बंद होता. लॅपटॉपमधली हार्डडिस्क बोलत होती. तिच्या पोटातल्या चकत्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, जलद डिस्कच्या ७,२००. ती थरथर लाकडी टेबलातून माइकच्या दांड्यात चढते. टेबलावर घोंगडी घातली तेव्हा कुठं सूं कमी झाली; टिक् मात्र गेली नाही.

एसएसडी घेतली ती या शांततेपायी. तिच्यात फिरणारं काहीच नाही, बारीक कप्प्यांत विद्युतभार साठतो. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली फ्लॅश मेमरी ती हीच. त्याआधी १९५६ साली आयबीएमनं बाजारात आणलेली पहिली हार्डडिस्क ५० चकत्यांची, कपाटाएवढी. तिच्यात ५० लाख अक्षरं मावत. आजच्या हिशेबानं जेमतेम अर्धा मिनिट आवाज.

हा हिशेब दुकानात जाण्याआधी प्रत्येकानं मांडावा. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, एकेक नमुना २४ बिटचा, म्हणजे ३ बाइटचा. एका माइकचे मिनिटाला ८.६४ एमबी, तासाला साधारण ५१८ एमबी. भजनी मंडळाला आठ माइक लावले तरी तासाला सव्वाचार जीबीच्या आत, आणि वेग सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी. जुनी हार्डडिस्कही १०० एमबीच्या आसपास लिहिते. म्हणून कुणी ‘३,५०० एमबीचा स्पीड’ म्हणून महागडी एसएसडी पुढं केली, तर नुसत्या रेकॉर्डिंगला तिची गरज नाही. संगणकातला तबला-तानपुरा वापरणाऱ्यांचं वेगळं. तिथं हजारो बारीक तुकडे एका क्षणात उचलावे लागतात आणि हार्डडिस्कचा काटा धावून थकतो.

एकादशीच्या जागराला मात्र दुसरीच अडचण येते. साध्या डब्ल्यूएव्ही फाइलला ४ जीबीची हद्द आहे. स्टीरिओ, २४ बिट असेल तर चार तास उलटले की ती भरते, आणि भैरवी अजून दूर असते. आरएफ६४ प्रकार निवडावा, नाहीतर तासातासाला नवी फाइल सुरू करावी. एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरही हीच हद्द आड येते; तो एक्सफॅट करून घ्यावा.

एक घाव मी खाल्लेला आहे. बाजारात घेतलेल्या पेनड्राइव्हवर २५६ जीबी छापलं होतं, खरे होते थोडकेच. भरल्यावर तो काही बोलला नाही, जुन्यावर नवं लिहीत गेला. मावशीच्या एका पावसाळ्याच्या ओव्या गेल्या. तिनं पुन्हा गायल्या, पण तेव्हाचा चढा सूर आता तिला लागत नाही. तेव्हापासून नव्या ड्राइव्हवर काठोकाठ फाइली भरून त्या परत वाचून बघितल्याशिवाय मी त्यात ओवी ठेवत नाही.

ओव्या जपायच्या म्हटलं की आमच्याच जिल्ह्यातलं माजलगाव आठवतं. हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ यांनी गावोगाव ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. त्यांच्याच प्रकल्पासाठी १९९६ साली बर्नार्ड बेल यांनी माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. या प्रकल्पाचं ध्वनिमुद्रण १२० तासांहून अधिक आहे. सीडीच्या दर्जानं मोजलं तर ७६ जीबीच्या आसपास. बोटभर पेनड्राइव्हात मावेल. पण त्या ओव्या आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात, त्या कुणीतरी वर्षानुवर्षं उतरवल्या, लिहिल्या, नव्या साधनांत हलवल्या म्हणून.

माझी मांडणी साधी आहे. चालू कामाला ५०० जीबीची एसएसडी. साठवणीला एकेक टीबीच्या दोन बाहेरच्या हार्डडिस्क, फक्त उतरवून घेताना जोडायच्या. एसएसडी वर्षानुवर्षं बंद ठेवली तर तिच्यातला भार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेनं अधिक. आमचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालच्या ट्रंकेत तिला ठेवू नये. वीज कधीही जाते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरल्याशिवाय माइक सुरू करत नाही. एक हार्डडिस्क घरात, दुसरी बहिणीकडे बीडला. मांजरसुंब्याचा घाट ओलांडून जाताना ती मी रुमालात गुंडाळून मांडीवरच ठेवतो.