वाळवंटातील श्रीमंत शहर : पाहावे, पण कसे?

श्रोतेहो, पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. उत्सवाच्या कितीतरी आधी इथल्या मूर्ती पेट्यांत बसून परदेशी रवाना होतात. मागे जोह्यातील एका कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा एक तरुण मला म्हणाला, "सर, आमचे बाप्पा दुबईला जातात, मग आम्ही का जाऊ नये?" प्रश्न हसत विचारलेला होता, पण मी स्वतः आठवडाभर दुबई पाहून आलो असल्यामुळे त्याचे उत्तर नीट द्यावे असे वाटले.

दुबईचा आणि मुंबईचा संबंध जुना आहे. तिथल्या समुद्रातले मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि १९६६ पर्यंत तिथे व्यवहारात रुपयाच चाले. त्याच साली तिथे तेल सापडले. १९७१ साली अमिरातींचे संघराज्य स्थापन झाले. तेलाचा साठा थोडा आहे हे राज्यकर्त्यांनी ओळखले व आलेला पैसा बंदरे, विमानतळ आणि रस्ते यांत घातला. म्हणून आज हे शहर तेलापेक्षा व्यापारावर आणि येणाऱ्याजाणाऱ्या माणसांवर चालते.

आता फायदे पाहू. मुंबईहून विमानाने अवघे तीन तास लागतात. अमिरातींत पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात, त्यामुळे हिंदीवर सहज निभावते, आणि मराठी माणूसही भेटतो. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा २०१० साली खुला झाला. तो पाहताना मान दुखते! २००९ पासून चालकाविना धावणारी मेट्रो आहे. पण मला अधिक आवडली ती तिथली खाडी. आपल्याकडे तरीतून खाडी ओलांडतात, तसे तिथे लाकडी होडीतून एका दिरहममध्ये पलीकडे जाता येते.

शिक्षक बंधुभगिनींना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथले पाणी. वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नदी नाही. समुद्राचे पाणी गोडे करून ते घरोघर नळाने देतात. आपल्या खारेपाटात चार महिने पाऊस कोसळतो, आणि वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते! ही तुलना मुलांपुढे जरूर मांडावी. मात्र त्या पाण्यासाठी इंधन आणि पैसा किती जाळावा लागतो, हेही सांगावे. शिवाय श्रीमंतीने निसर्ग जिंकला असेही नाही. १६ एप्रिल २०२४ रोजी एका दिवसाच्या पावसाने तिथले रस्ते आणि विमानतळ पाण्याखाली गेले.

तोटेही तितकेच खरे. जून ते सप्टेंबर ऊन असह्य असते. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांना काम देण्यास तिथे कायद्याने बंदी आहे, यावरून काय ते समजावे. जायचे तर नोव्हेंबर ते मार्च. एका दिरहमला वीस रुपयांहून अधिक मोजावे लागतात, तेव्हा साधा चहासुद्धा मनात हिशेब करायला लावतो. कायदे कडक आहेत. खसखस तिथे निषिद्ध आहे, म्हणून भाच्यासाठी नेलेले अनारसेही अडचणीत आणतील. काही वेदनाशामक गोळ्यांना आधी परवानगी लागते. परक्या माणसाचे छायाचित्र न विचारता काढू नये. आणि सोन्याच्या दागिन्यांवरील जकातीची सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यालाच मिळते, आठ दिवसांच्या पाहुण्याला नाही.

पण सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला एका दलालाने सांगितले, "आधी पाहुणा म्हणून जा, नोकरी तिथे लावतो." पोरगा गेला. नोकरी मिळाली नाही, परवान्याची मुदत संपली, आणि दर दिवसाचा दंड चढू लागला. शेवटी आईचे दागिने मोडून त्याला परत आणावे लागले. श्रोतेहो, पाहुण्याच्या व्हिसावर तिथे काम करणे हा गुन्हा आहे. नोकरीसाठी जायचे तर नोकरीचाच व्हिसा हवा आणि दलाल सरकारदरबारी नोंदलेला हवा. दहावी न झालेल्यांच्या पारपत्रावर तसा शेरा असतो. त्यांना नोकरीसाठी जाण्यापूर्वी भारत सरकारच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. ही कटकट नव्हे, ते आपले संरक्षण आहे.

त्या तरुणाला मी म्हटले, "अरे, जरूर जा. पण पाहायला जायचे की कमवायला, हे घरीच ठरव. पाहायला जाणार असशील तर परतीचे तिकीट खिशात ठेव. आणि उंच इमारती बघशील तेव्हा भर उन्हात त्या बांधणारे हातही बघ. त्यांत आपल्याकडचेही पुष्कळ आहेत." तो हसला आणि पुन्हा आखणीला लागला. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, "सर, त्या अधिकाऱ्याचे कार्यालय मुंबईत कुठे आहे?"