नमुना आज्ञावलीची पारख

बेंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ साली ‘मोसिप’ प्रकल्पास प्रारंभ झाला. कोणत्याही देशाला आपली नागरिक-ओळख व्यवस्था उभारता यावी, यासाठी मुख्यत्वे जावा भाषेत लिहिलेली ही मुक्त स्रोत आज्ञावली आहे. म्हणजे तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता व बदलता येतो. फिलिपिन्स, मोरोक्को आणि इथिओपिया या देशांनी तिचा आधार घेतला आहे.

या भांडारात प्रत्यक्ष वापराच्या घटकांबरोबरच काही लटके घटकही ठेवलेले आहेत. बोटांचे ठसे घेणारे यंत्र जवळ नसताना त्याची नक्कल करणारा एक, तर ठशांची जुळणी करणाऱ्या यंत्रणेच्या जागी उत्तर देणारा दुसरा. हा दुसरा घटक खरी जुळणी करीत नाही. चाचणीपुरता प्रतिसाद देतो. विकासकाला त्याचा मोठा उपयोग होतो. परंतु तोच अनवधानाने प्रत्यक्ष सेवेत राहिला, तर एका व्यक्तीच्या दोन नोंदी होऊनही यंत्रणा गप्प राहील. म्हणून नमुना हाती आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, की तो कशासाठी लिहिला आहे?

हा प्रश्न जुनाच आहे. सन कंपनीने जावाच्या रचनापद्धती शिकविण्यासाठी ‘पेट स्टोअर’ हे पाळीव प्राण्यांचे काल्पनिक दुकान तयार केले होते. मायक्रोसॉफ्टने तेच दुकान आपल्या डॉट नेटवर थोडक्या ओळींत व अधिक वेगाने चालवून दाखविले. त्यावर, मूळ नमुना वेगासाठी नव्हताच, असे उत्तर आले. उत्तर रास्त होते. पण तोवर अनेकांनी त्या धड्यालाच आदर्श मानले होते.

आज ‘स्प्रिंग’ शिकणारे ‘पेट क्लिनिक’ अभ्यासतात. त्याची मांडणी स्वच्छ असून सोबत चाचण्याही आहेत. मात्र मूळ स्वरूपात त्याची माहिती संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि ते बंद करताच पुसली जाते. प्रवेशासाठी परवलीचा शब्दही लागत नाही. धडा म्हणून यात काहीच वावगे नाही. पण नगरपालिकेच्या करभरणा संकेतस्थळाचा पाया म्हणून ते चालणार नाही.

परवान्याकडे बहुधा शेवटी लक्ष जाते, वास्तविक ते आधी जायला हवे. मोसिपचा मोझिला परवाना बदललेल्या फाइली वितरित करताना त्यांचा मूळ मजकूर खुला ठेवण्यास सांगतो. पेट क्लिनिकच्या अपाचे परवान्यात तशी अट नाही. परवानाच नसलेला मजकूर कितीही सुबक असला, तरी तो वापरण्याचा हक्क मिळत नाही.

सर्वांत किचकट भाग अवलंबित घटकांचा. जावा नमुना स्वतः लहान असतो, पण इतरांनी लिहिलेली कित्येक ग्रंथालये ओढून आणतो. नोंदी ठेवणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या साध्या घटकात डिसेंबर २०२१ मध्ये गंभीर उणीव उघड झाली. दुरून आलेल्या मजकुराची एक ओळ नोंदवली जाताच परक्याला यंत्राचा ताबा मिळू शकत होता. जगभरच्या चमूंना आपल्या प्रणालीत तो घटक कोठे दडला आहे, हेच आधी शोधावे लागले. तेव्हा नमुन्याची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, त्यातील घटकांच्या कोणत्या आवृत्त्या आहेत आणि त्यांची देखभाल अजून होते काय, हे तपासावे. स्ट्रट्सची पहिली पिढी २०१३ मध्येच थांबविण्यात आली. तिच्यावर आधारलेले जुने नमुने मात्र अद्याप सापडतात.

भारत सरकारने २०१५ च्या धोरणाद्वारे शासकीय कामात मुक्त स्रोताला प्राधान्य दिले. त्यामुळे अशी तपासणी करण्याचे काम आता निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंतही पोहोचले आहे.