नेम चुकतो तो लाकडात

जून सरता सरता मुंबईच्या गिरगावातल्या खोताच्या वाडीतल्या जुन्या घरांचे दरवाजे चौकटीत अडायला लागतात. खांद्याने रेटल्याशिवाय उघडत नाहीत. मग सुताराला बोलावणं जातं, तो कडेवरून रंधा फिरवतो आणि डिसेंबरात त्याच दरवाजाला फट पडते. शिव्या खातो सुतार, पण दोष हवेचा. लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि तंतूंना आडव्या दिशेने फुगतं. उभ्या दिशेने जवळपास नाहीच. ओलं लाकूड पूर्ण सुकताना लांबीत टक्क्याच्या एक-दोन दशांशांइतकं आक्रसतं. रुंदीत ही घट बऱ्याच लाकडांत 5 टक्क्यांच्या वर जाते.

याच गिरगावात एखाद्या घरी आजोबांच्या वेळची .315 बोअरची रायफल रीतसर परवान्यासह असेल, तर तिच्या लाकडी दस्त्याचंही पावसाळ्यात हेच होत असतं. दरवाजा अडला की लगेच कळतं. रायफलचा दस्ता फुगला तर गोळी भलतीकडे लागते, आणि मालक डोळे तपासून घेतो किंवा महागडी दुर्बीण बसवायचं मनावर घेतो.

.315 ही भारतातली सामान्य माणसाची बोल्ट-ॲक्शन रायफल. ब्रिटिश अमदानीत लष्कराचं .303 काडतूस नागरिकांना वर्ज्य होतं. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं 8 मिलिमीटरचं काडतूस इथे .315 या नावाने रुजलं. पुढे बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने जुन्या ली-एनफिल्डच्या बांधणीवर ही रायफल बनवली. बोल्ट हाताने मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलून मूठ खाली वळवली की नवं काडतूस आत जातं आणि बोल्ट मागे पक्का अडकतो. हलणारे भाग कमी, म्हणून किंमत कमी आणि आयुष्य दांडगं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपत गेली. आता या रायफली बहुतेक कपाटात असतात, नाहीतर बँकांच्या दारावर पहारेकऱ्याच्या खांद्याला.

स्वस्त रायफल नेमकी का नसते, याचं उत्तर बहुतेक वेळा नळीच्या पोलादात नसतं. ते पोलाद आणि लाकूड जिथे टेकतात तिथे असतं. बार उडाल्यावर गोळी नळीत दोन मिलिसेकंदही नसते. पण तेवढ्यात अख्खी नळी वाकते, थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली तर काही बिघडत नाही, कारण गोळी दर वेळी त्याच कोनात बाहेर पडेल आणि माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) त्या हिशेबाने लावून घेता येईल. गडबड होते ती थरथर बदलली की. आज दस्त्याची डावी कड नळीला टेकली, उद्या नाही टेकली, चार बार उडून नळी तापली आणि पुन्हा टेकली, की प्रत्येक वेळी वेगळीच रायफल हातात आहे असं समजावं. हिशेब करून पाहा: नळीचं तोंड एका अंशाच्या साठाव्या भागाने कललं, तर 50 मीटरवर गोळी साडेचौदा मिलिमीटर सरकते. त्या अंतरावरच्या ऑलिंपिक लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचं आहे.

दोष शोधायची पद्धत अगदी साधी. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, बोल्ट काढून बाजूला ठेवायचा आणि कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून पुढून मागे सरकवत न्यायची. अडेल तिथे लाकूड दाबतंय. बहुतेक आधुनिक रायफलींत तेवढं लाकूड घासून नळी मोकळी केली की गोळ्या जवळजवळ पडायला लागतात. पण पट्टी अडली रे अडली की कानस उचलायची, हा उतावळेपणा ली-एनफिल्डच्या घराण्यात महागात पडतो. तिच्या लष्करी रूपांत पुढच्या टोकाशी लाकडाने नळीला खालून वर दाबत राहावं, अशीच मुद्दाम जोडणी असे. तो दाब नळीची थरथर आवरतो. तो काढून टाकला तर रायफल सुधारण्याऐवजी बिघडू शकते. तेव्हा दाब आहे की नाही यापेक्षा तो बाराही महिने सारखा राहतो का, हे बघावं. त्यासाठी बोल्टचा सांगाडा जिथे लाकडात बसतो ती खाच एपॉक्सीने भरून त्याचा नेमका साचा घेतात. एपॉक्सी लाकडासारखं पाणी पीत नाही. दस्त्याचे स्क्रू दर वेळी सारख्याच जोराने आवळणं हा त्याहून स्वस्त उपाय, आणि तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो.

चापाची गोष्ट वेगळी. चापाला लागणारा जोर रायफलीच्या वजनाच्या जवळपास गेला की बोट चापाबरोबर सगळी रायफलच ओढतं. चाप हलका केला तर फायदा होतो, यात शंका नाही. पण घरी कानस घेऊन बसलेल्या माणसाच्या हातून तो नको इतका हलका होतो, आणि मग रायफल नुसत्या धक्क्यानेही उडू शकते. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो. ही कामं तसा परवाना असलेल्या कारागिरालाच द्यावीत.

नेमबाजी शिकायला मात्र .315 घेऊ नये. धक्का मोठा, काडतूस महाग. मुंबईतल्या कित्येकांची सुरुवात .22 वर, एनसीसीतून झाली. अंजली वेदपाठक, पुढे भागवत, दादरच्या कीर्ती कॉलेजातून एनसीसीमार्गे वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर आल्या आणि 2000 साली सिडनीत एअर रायफलच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. त्याच पिढीतल्या दीपाली देशपांडे पुढे प्रशिक्षक झाल्या. त्यांचा शिष्य, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा आणि तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे, याने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. पात्रता फेरीत त्याचे गुण होते 600 पैकी 590.

या पातळीच्या रायफलींत नळीभोवती लाकूड उरलेलंच नाही, सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो. तरी एक गोष्ट कुणाच्याच हातात नसते: काडतूस. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, पण वेगळ्या दिवशी बनलेलं .22 काडतूस एका नळीला मानवतं आणि शेजारच्या नळीला नाही. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट काडतुसांच्या कारखान्यात जातात, ती पकडीत घट्ट बांधून एकेक लॉट झाडून पाहतात आणि मानवलेला लॉट एकदम हजारोंनी उचलतात.

कपाटातल्या .315 च्या मालकाला ही चैन नाही. परवान्यावर वर्षाच्या काडतुसांना मर्यादा असते, म्हणून तो तीन बार काढतो, तिन्ही जवळ पडले की खूश होतो. इथे संख्याशास्त्र आडवं येतं. रायफलीत, हातात, हवेत काहीही बदललं नाही तरी दहा गोळ्यांचा पसारा तीन गोळ्यांच्या पसाऱ्याच्या सरासरी दीडपटीहून मोठा निघतो. म्हणजे एपॉक्सी भरायच्या आधी दहा आणि नंतर तीन गोळ्या झाडल्या, तर सुधारणा झाली नसली तरी बहुधा दिसेलच. दोन्ही वेळा दहा झाडाव्यात. तेवढी काडतुसं नसतील तर दोन्ही वेळा पाच, पण एकाच डब्यातली, आणि जमलं तर एकाच ऋतूत.