वेटिंग नंबर ११, व्हाया शिंगणापूर

लिस्टमध्ये नाव आहे, पण वर्गात जागा नाही! ॲडमिशनच्या वेटिंगवर लटकलेल्या सगळ्यांसाठी, एका माजी वेटिंगवालीकडून...

तुम्ही कधी वेटिंग लिस्टवर होतात? रेल्वेच्या नाही हो, कॉलेजच्या! रेल्वेचं वेटिंग परवडलं. चार्ट लागतो, कन्फर्म झालं तर झालं, नाहीतर आपण बॅग उचलून एसटी स्टँडवर. कॉलेजच्या वेटिंगचा चार्ट कधी लागणार हे कुणी सांगत नाही. तुम्ही नापास नसता, पासही नसता. नातेवाईक विचारतात, 'मग काय झालं ग तुझं?' आणि तुमच्याकडे 'बघू' याशिवाय उत्तर नसतं.

२०१९ चा जुलै. पुण्यातल्या एका मास कॉमच्या कोर्सला माझा वेटिंग नंबर होता ११. सेफ्टी म्हणून दुसऱ्या एका कॉलेजात ॲडमिशन घेऊन ठेवली होती. फी भरलेली, ओरिजिनल सर्टिफिकेट्सची फाइल तिथेच जमा. त्या फीसाठी पप्पांनी पतसंस्थेतली एफडी मोडली होती. त्यामुळे आमच्या नगरच्या घरात 'पुणे' हा शब्द काढायची सोय नव्हती.

आई मात्र कूल. म्हणाली, "शनिवारी शिंगणापूरला जाऊ. तेल वाहून येऊ."

"आई, तेलाने वेटिंग लिस्ट हलते का?"

"मग तू दिवसभर मोबाईलकडे बघतेस, त्याने हलतीय का?"

पॉइंट होता!

दार नसलेलं गाव

संभाजीनगर रस्त्याला लागायचं, घोडेगावला वळायचं, की दोन्ही बाजूंना ऊस आणि बैलावर चालणाऱ्या रसवंत्या सुरू. एकेक ग्लास मारून आम्ही गावात पोहोचलो. शिंगणापूरची ख्याती तुम्हाला माहीतच आहे. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली तीही बिनकुलपाची! देवही छपराखाली नाही. उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा, वर आभाळ.

मी आपली बिनदाराच्या उंबऱ्यांकडे बघत होते. इथे कुठेच दार नाही आणि मी एका दाराबाहेर महिनाभर उभी!

"दार नसलं म्हणजे आत जाता येतं असं नाही," आई म्हणाली. "तीन वर्षांपूर्वीपर्यंत बाईला या चौथऱ्यावर चढता येत नव्हतं."

खरंच की. पूजास्थानात प्रवेशाचा हक्क देणारा कायदा राज्यात १९५६ पासून होता. त्याच कायद्यावर बोट ठेवून विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक मुंबई हायकोर्टात गेल्या. एप्रिल २०१६ च्या सुरुवातीला कोर्टाने सरकारला कायदा अमलात आणायला सांगितलं आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा स्त्रियांना खुला झाला. कायदा आला १९५६ ला, चौथरा उघडला २०१६ ला. ६० वर्षं वेटिंग! माझा महिना एकदम किरकोळ वाटायला लागला.

आणि तेवढ्यात फोन. अनोळखी लँडलाइन. "तुमचा नंबर लागलाय. सोमवारी पाचपर्यंत ओरिजिनल्स आणि फी घेऊन या. नाही आलात तर पुढच्याला देऊ."

आईने शनिदेवाला हात जोडले. मी पप्पांना फोन लावला. दोघींचेही हात थरथरत होते.

लिस्ट हलते कशी?

देवाचं माप देवाला, पण लिस्ट हलायचा फंडा सोपा आहे. मेरिटमधली तीच ती मुलं चार ठिकाणी सीट अडवून बसतात. मोठ्या कॉलेजचा रिझल्ट लागला की ती तिकडे सरकतात, त्यांच्या जागी खालची येतात, त्यांच्या जागी आणखी खालची. एक खुर्ची सुटली की पाच जण हलतात. इंजिनीअरिंग-एमबीएच्या कॅप राउंडमध्ये हेच कॉम्प्युटर करतो. हातातली सीट ठेवून वरच्या पसंतीची वाट बघता येते, ती मिळाली की आधीची आपोआप सुटते. कॅपबाहेरच्या कोर्सेसमध्ये ही धावपळ आपल्यालाच करावी लागते.

माझी धावपळ सोमवारी सकाळी सुरू झाली. पहिल्या कॉलेजच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "वर्षाची पूर्ण फी भरा, मग सर्टिफिकेट्स." पोटात गोळाच आला. पण रविवारी रात्री सायबर कॅफेतून मी एक कागद प्रिंट करून आणला होता: यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना. ओरिजिनल्स तपासून लगेच परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत. फी परतीचेही टप्पे त्यात होते. ॲडमिशनच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी १५ किंवा जास्त दिवस असतील तर १०० टक्के, त्याहून कमी असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, पुढे शून्य. मी नव्वदवाली होते. कागद खिडकीतून आत गेला, तासाभराने फाइल बाहेर आली. पुण्यात पोहोचले तेव्हा पावणेपाच वाजले होते!

पावती फाडताना क्लार्ककाका सहज म्हणाले, "नशीबवान आहेस. आधीच्या मुलीची फी आली नाही."

मला वाटत होतं ती कुठल्या तरी भारी कॉलेजात गेली असेल. तिचं नाव मला आजही माहीत नाही. पण २०२४ मध्ये एक बातमी वाचली आणि ती आठवली. उत्तर प्रदेशातल्या मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची सीट मिळाली होती. १७,५०० रुपये पाच वाजेपर्यंत भरायचे होते, काही मिनिटं उशीर झाला आणि सीट गेली. सुप्रीम कोर्टाने ३० सप्टेंबरला घटनेच्या १४२ व्या कलमाचा अधिकार वापरून त्याला जादा जागा द्यायला लावली. तो कोर्टापर्यंत पोहोचला. ती नाही.

पहिलं सेमिस्टर मी कुणालाच सांगितलं नाही की मी वेटिंगमधून आले. वाटायचं, आपण मागच्या दाराने घुसलो. आता वाटत नाही. लिस्टमध्ये नाव आपल्याच मार्कांनी आलेलं असतं. जागा मात्र कुणाच्या तरी जाण्याने मिळते, एवढं लक्षात ठेवावं.

वेटिंगवर असाल तर...

- हातातली सीट सोडू नका, पण ती सोडण्याची शेवटची तारीख डायरीत लिहा.
- गेल्या वर्षी लिस्ट कितीपर्यंत हलली ते ऑफिसात विचारा. लाजू नका.
- फीची तजवीज आधी करा. पाच म्हणजे पाच!
- रिफंडचा त्या वर्षीचा नियम वाचा. इंजिनीअरिंग-एमबीएला एआयसीटीईचे नियम वेगळे असतात.

यंदा माझ्या मावसबहिणीचा वेटिंग नंबर ६ आहे. परवा मावशीचा फोन आला, "शिंगणापूरला जाऊन यावं म्हणते."

म्हटलं, "जा की मावशी. फक्त फाइल बरोबर ने."