अंगठा वर उठतो तेव्हा

एक पाय उचलत नाही, पण त्याला गरम-गार कळतं. दुसरा पाय व्यवस्थित हलतो, पण त्याला चटका बसला तरी पत्ता नसतो. ऐकणाऱ्याला हे दोन वेगळे आजार वाटतील. प्रत्यक्षात बिघाड एकच असतो आणि तो पायात नसतोच. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू एका ठिकाणी, एकाच बाजूने दुखावलेला असतो.

मॉरिशसमध्ये जन्मलेल्या ब्राऊन-सेकार यांनी १८५०च्या सुमारास प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हे कोडं उलगडलं. वेदना आणि तापमान यांचे संदेश मज्जारज्जूत शिरले की थोडं वर जाऊन तिथंच पलीकडे वळतात. कंपनाची जाणीव मात्र आपल्याच बाजूने मेंदूच्या बुंध्यापर्यंत चढते आणि मग बाजू बदलते. हालचालीचे हुकूमही बहुतांशी त्या बुंध्याशीच ओलांडून खाली येतात. ही सारी ये-जा जेमतेम ४५ सेंटिमीटर लांबीच्या, करंगळीएवढ्या जाड दोरीतून! म्हणूनच एक टाचणी आणि एक नादकाटा एवढ्यावर डॉक्टर आतली दुखावलेली बाजू सांगू शकतात.

उंचीही सांगता येते. बेंबीच्या पातळीची त्वचा छातीच्या दहाव्या मज्जातंतूची, स्तनाग्रांच्या पातळीची चौथ्याची. टाचणी खालून वर नेत जायचं. जिथं टोचणी नीट कळू लागते ती रेषा महत्त्वाची. १८८७ साली लंडनमध्ये विल्यम गॉवर्स यांनी पाय लुळे पडलेल्या एका कॅप्टनला तपासलं आणि मज्जारज्जूवर दाब देणारी गाठ असल्याचं निदान केलं. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती! व्हिक्टर हॉर्सली यांनी पाठ उघडली, तर सुरुवातीला काहीच दिसेना. ते आणखी वर गेले आणि बदामाएवढी गाठ सापडली. कॅप्टन पुन्हा चालू लागला. मला यातलं ते ‘आणखी वर’ फार मोलाचं वाटतं, कारण बधिरपणाची रेषा दुखापतीच्या बरीच खाली असू शकते.

आजही नेमकं इथंच फसायला होतं. पाय जड झाले की अनेकदा आधी कमरेचा एमआरआय काढला जातो. पण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली असतात त्या नुसत्या नसा. मग वर पाहायचं हे सुचवणार कोण? पायाचा अंगठा! पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ साली एका अगदी छोट्या टिपणात हे मांडलं. तळव्याच्या बाहेरच्या कडेने घासत गेलं की निरोगी मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. तो वर उठला, तर मेंदूकडून येणारी वाट कुठंतरी दुखावली आहे. दोष कधी थेट मानेत निघतो.

जागा सापडली, तरी कारण उरतंच. ते बरंचसं काळावरून ओळखतात. मिनिटांत पाय गेले तर रक्तपुरवठा तुटल्याचा संशय, काही तासांत किंवा दिवसांत गेले तर दाहाचा. आठवडे-महिने लागले तर गाठ, किंवा आपल्याकडे हमखास आठवावा असा मणक्यांचा क्षय. मानेची झीज वर्षानुवर्षं हळूहळू दाबत राहते.

काही कारणं मात्र ताटातून येतात, आणि तीही आपापले धागे निवडून! बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी बहुधा मागच्या बाजूचे, कंपन आणि सांध्यांची स्थिती कळवणारे धागे खराब होतात. डोळे मिटून तोंड धुताना माणूस डगमगू लागतो. पूर्व विदर्भाच्या ओळखीची लाखोळी डाळ दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली, तर हालचालीचे धागे जातात. पाय ताठरतात, स्पर्श मात्र शाबूत राहतो. लाखोळीने आलेलं हे अपंगत्व सहसा भरून येत नाही. बी-१२ची कमतरता वेळेत ओळखली, तर इंजेक्शनांनी बिघाड थांबतो आणि पुष्कळदा पावलंही सावरतात. म्हणून लांबलचक तपासण्यांच्या यादीआधी विचारायचा प्रश्न असतो: रोज काय जेवता?